तिच्या मापाचा दस्ता

मक्याच्या कणसांत दूध भरलं आणि रानडुकरं टेकडीवरून खाली उतरायला लागली.

नदीकाठच्या सखल पट्ट्यात तेरा घरांचा मका एकाला एक लागून उभा होता. डुक्कर एक कणीस खातं आणि दहा ताटं आडवी करतं. कळप येऊन गेला की सकाळी शेतात खळ्याएवढी मोकळी जागा पडलेली दिसायची. या सगळ्या पट्ट्याची राखण सुताराच्या घराकडे होती, कारण परवान्याची दुनळी बंदूक त्याच घरात होती. जीव घ्यायची वेळ क्वचितच यायची. उजाडताना कळपाच्या वाटेवर उभं राहायचं, एक बार डोक्यावरून काढायचा, की कळप आल्या पावली टेकडी चढायचा. राखणीबद्दल मळणीनंतर प्रत्येक घर मक्याचा वाटा द्यायचं. एरवी तो सुताराच्या घरी वरकड असायचा. यंदा वर्षभराचा दाणा तोच होता.

उन्हाळ्यात एका गोदामाच्या छपराची कैची बसवताना सुतार पडला होता. उजव्या खांद्याचं हाड मोडलं आणि जुळलं ते वाकडं. हात छातीपर्यंत यायचा, त्याच्या वर जायचा नाही. रंधा चार वेळा मारला की बोटं बधिर व्हायची. ठरलेली कामं एकेक करून दुसरीकडे गेली. जो तो दारात येऊन म्हणायचा, “बरा झालास की सांग,” आणि जाताना मोडलेली खुर्ची परत घेऊन जायचा.

तरी पहिल्या पहाटे बंदूक घेऊन सुतार स्वतःच गेला. बायको काडतुसांची पिशवी घेऊन मागे. बांधावर माळावरच्या घरचा शेतकरी उभा होता; सगळे त्याला माळावरचाच म्हणत. त्याचं शेत टेकडीला सगळ्यात जवळ, त्यामुळे नुकसान त्याचंच जास्त, आणि बोलणंही त्याचंच जास्त. कळप दिसला तसा सुतारानं डाव्या हातानं बंदूक उचलून तिचा मागचा लाकडी दस्ता उजव्या खांद्यावर कसाबसा टेकवला. बार झाला. बंदुकीनं अशी लाथ मारली की सुतार गुडघ्यांवर चिखलात बसला. तोंडातून आवाज निघाला तो त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

माळावरचा हसला नाही. त्यानं सुताराची टोपी उचलली, चिखल झटकला आणि त्याच्या हातात दिली. हसला असता तर बरं झालं असतं.

डुकरं बांधापलीकडे थांबून बघत होती. दुसऱ्या नळीत अजून काडतूस होतं. बायकोनं पिशवी खाली ठेवली, बंदूक उचलली, नळ्यांना चिखल लागलेला नाही ना ते वाकून पाहिलं आणि वीस वर्षं नवऱ्याला करताना पाहिलं होतं तसं खांद्याशी धरून बार काढला. कळप टेकडीकडे पळाला.

त्या दिवसापासून ती जायला लागली. तसं ठरवून कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे सुतार उठून बसला, तर ती काडतुसं मोजून पिशवीत टाकत होती.

“मी येतो,” तो म्हणाला.

“तुम्ही चहा टाका,” ती म्हणाली. “आल्यावर आयता मिळू दे एखाद्या दिवशी.”

नऊ-दहा दिवस असेच गेले. सुतार चहा टाकायला शिकला. पहिल्या दिवसाचा काढा झाला, दुसऱ्या दिवशी दूध उतू गेलं, तिसऱ्या दिवशी म्हातारीनं कप तोंडाला लावून म्हटलं, “आज चहासारखा लागतोय.”

म्हातारी म्हणजे सुताराची आई. तिला कमी ऐकू यायचं, दिसायचं मात्र घारीसारखं. एका दुपारी सून पाठीमागे बसून तिचे केस विंचरत होती. विंचरताना एक हात थांबत होता. म्हातारीनं मान वळवली, सुनेची बाही धरून वर सारली आणि बघत राहिली. दंडापासून खांद्याच्या टोकापर्यंत जांभळं झालं होतं, मध्ये काळं, कडेला पिवळं.

“हे काय?”

“दार लागलं, आई.”

“दार रोज लागतं?” म्हातारी जोरात म्हणाली. तिला वाटायचं ती हळूच बोलते आहे. “ए, इकडे ये! तुझ्या बंदुकीनं हिचा काय कुटाणा केलाय तो बघ!”

सुतार कारखान्यातून आला. कारखाना म्हणजे घराला लागून काढलेली पत्र्याची लांब खोली. त्यानं बाही स्वतः आणखी वर केली नाही. लांबूनच पाहिलं. मग म्हणाला, “खांद्याच्या खळग्यात धरायची असते. तू दंडावर घेतेस.”

“खळग्यात कशी धरू? तशी धरली तर बोट चापाला पोचत नाही. तुमचे हात केवढे, माझे केवढे.”

“मग सांगायचं नाही?”

“सांगून काय झालं असतं? तुम्ही मला लांब हात करून दिले असते?”

म्हातारीला हे सगळं ऐकू गेलं असावं, कारण ती हसली.

दस्ता त्यानं स्वतः केला होता, लग्नाच्या वर्षी. नळ्या बापाच्या वेळच्या, जुना दस्ता किडलेला. अक्रोडाचा एक जाड तुकडा त्याला एका मोडक्या कपाटातून मिळाला होता. त्यातून त्यानं दीड महिना खपून तो दस्ता काढला. लाकडाच्या रेषा मनगटापासून निघून मागे पसरत गेलेल्या, पाण्यात काठी फिरवावी तशा. माप त्याच्या स्वतःच्या हाताचं. चापापासून मागच्या टोकापर्यंत साडेचौदा इंच.

त्याच आठवड्यात पंपघरापाशी तेरा घरांची माणसं जमली. माळावरच्यानं विषय काढला. आवाज चढवला नाही.

“परवाना याच्या नावावर. बार ती काढते. उद्या एखादा छर्रा कुणाला लागला तर कुणाला धरायचं? माझा भाचा रिकामाच आहे. त्याच्याकडे बंदूक आहे. यंदापुरती राखण त्याला द्या. मला काही सुताराचं वाईट करायचं नाही.”

“यंदापुरती दिलेली राखण पुढल्या वर्षी परत येत नाही,” सुतार म्हणाला.

“मग काय करायचं ते तू सांग.”

सुतारानं ठरवून ठेवलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. “परवान्यावर तिचं नाव चढवून घेतो.”

कुणीतरी म्हणालं, “बाईमाणसाला धक्का सोसवेल का?” सुताराची बायको विहिरीकडच्या भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, “दहा दिवस सोसतेय ते काय वारा लागला म्हणून?” दोघं-तिघं हसले. पण शेवटी ठरलं ते असं, की ठाण्यात अर्ज द्यायचा. दुसऱ्या दिवशी सुतार देऊन आला. ठाण्यातल्या माणसानं सांगितलं, आठ दिवसांनी हवालदार येऊन बघेल. तिला बंदूक नीट हाताळता आली तर नाव चढेल, नाहीतर बंदूक ठाण्यात जमा.

परत येताना सुतार तालुक्याच्या बाजारात बंदुकीच्या सामानाच्या दुकानात गेला. दस्त्यामागे लावायची रबराची गादी मागितली, इंचभर जाडीची. दुकानदारानं तीन काढून ठेवल्या. सुतारानं अंगठ्यानं दाबून पाहिल्या. एक फार मऊ होती, एक दगड. मधली घेतली. काळं रबर, त्याच्या पाठीला कडक पातळ थर, आणि आकारानं कुठल्याही दस्त्यापेक्षा मोठी. घेणाऱ्यानं ती आपल्या दस्त्याच्या आकाराला घासून आणायची.

“बसवून देऊ?” दुकानदारानं विचारलं.

“मी सुतार आहे.”

दुकानदाराची नजर त्याच्या लोंबणाऱ्या हाताकडे गेली आणि परत वर आली. “बरं. धक्का फार बसतो का तुम्हाला?”

“हो,” सुतार म्हणाला. “मला फार बसतो.” दुकानातून बाहेर पडल्यावर त्याला स्वतःचाच राग आला. पण परत जाऊन सांगण्यासारखं ते नव्हतं.

घरी आल्यावर त्यानं दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत ते पाहिलं. नळ्या काढून कापडात गुंडाळल्या. दस्त्यामागची लोखंडी पट्टी सोडवली आणि गादी नुसती लाकडावर धरून बायकोच्या हातात दस्ता दिला. “धर.”

तिनं उचलला. टोक काखेत अडकलं. पुन्हा उचलला, पुन्हा अडकलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं.

“लांब झाला,” तो म्हणाला.

“आधीच लांब होता. त्यात तुम्ही इंच वाढवला.”

“कळतंय मला.”

कळत त्याला दुकानात असतानाच होतं. लाकूड न कापता भागलं तर बघावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

त्यानं तिचा हात काटकोनात वाकवायला लावला, दस्त्याचं मागचं टोक कोपराच्या खळगीत टेकवलं आणि बोट चापापर्यंत कुठे पोचतं ते पाहिलं. पुन्हा पाहिलं. सव्वातेरा. साडेचौदातून सव्वातेरा करायचे, वर गादीची जाडी एक इंच. म्हणजे सव्वादोन इंच लाकूड कापायचं. त्यानं पेन्सिलीनं खूण केली आणि दस्ता बाकावर ठेवून जेवायला गेला. जेवून आल्यावर खूण पुसून पुन्हा केली. ती पहिल्या जागीच आली. संध्याकाळी तो नुसताच दस्ता हातात घेऊन दारात बसला.  असे तीन दिवस गेले; हवालदार यायला पाचच उरले होते.

सकाळी त्यानं दस्त्याभोवती कागदी चिकटपट्टी गुंडाळली, लाकडाच्या कपच्या निघू नयेत म्हणून. पट्टीवर रेघ मारली. रेघ सरळ नव्हती, खालच्या अंगाला अगदी थोडी पुढे झुकलेली. “सरळ कापलं तर नळीचं तोंड वर जातं,” त्यानं सांगितलं. मग बाकावरच्या लोखंडी पकडीच्या जबड्यात दस्ता आवळला, बारीक दातांची करवत डाव्या हातात घेतली आणि दोन वेळा ओढली. करवत रेघेवरून उडाली. तिसऱ्यांदाही उडाली.

त्यानं करवत तिच्यासमोर धरली.

“मी?” ती म्हणाली.

“मग काय म्हातारी?”

तिनं करवत घेतली. तो शेजारी वाकून रेघेला डोळा लावून उभा राहिला. “दाबू नको. करवतीचं वजन तिला पुरे. ओढ. आता सोड. ओढ. दाबू नको म्हटलं ना! अगं, भाजी चिरतेस काय? दोन्ही अंगाच्या रेघा बघ, एकच कशाला बघतेस?”

ती थांबली. “करवतीचं वजन तिला पुरे ना?”

“हो.”

“मग तुमच्या तोंडाचं वजन जरा काढा तिच्यावरून.”

तो गप्प बसला. करवत एका लयीत चालायला लागली. अक्रोडाचा भुसा चॉकलेटी रंगाचा, तो तिच्या मनगटावरच्या केसांत बसत गेला. शेवटी शेवटी त्यानं न सांगता डावा हात खाली धरला. तुकडा त्याच्या तळहातात पडला. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला आणि खिशात टाकला.

कापलेलं तोंड सपाट करायला तिला दुपार लागली. काचेवर घासकागद चिकटवून त्यावर दस्ता उभा धरून घासायचा, उजेडाकडे धरून पट्टी लावून बघायचं, पट्टीखालून उजेड दिसला की परत घासायचं. जुन्या स्क्रूची भोकं तुकडा कापल्यावरही खोलवर शिल्लक होती. त्यांत लाकडाच्या खुंट्या सरस लावून ठोकल्या, रात्रभर सुकू दिल्या. उघड्या लाकडाला तेल पाजलं. नाहीतर गादीमागून ओल शिरते आणि लाकूड फुगतं. हे सगळं तिनं केलं आणि त्यानं सांगितलं. सांगताना त्याच्या लक्षात आलं, की यातलं बरंच त्यानं आजवर शब्दांत कधी बोलून पाहिलंच नव्हतं. पुष्कळदा तो म्हणायचा, “हे असं… असं कर,” आणि डावा हात हवेत फिरवायचा. ती त्या हाताकडे बघून करायची.

गादी बसवायचे दोन स्क्रू रबराच्या पोटातून जात होते. वरून दोन बारीक चिरा. स्क्रू आणि पेचकस दोन्हीला साबण लावून आत सोडले. मग चिरा आपोआप मिटल्या, जणू तिथे काही नव्हतंच. गादी दस्त्याच्या चारी बाजूंनी बाहेर येत होती, लहान मुलाच्या डोक्यावर बापाची टोपी बसावी तशी. तिनं सुई घेऊन दस्त्याच्या कडेकडेनं गादीच्या पाठीवर रेघ ओढली. गादी परत काढली. आता रेघेबाहेरचं सगळं घासायचं.

घासायचं मशीन सुरू केलं. खरखरीत पट्टा गरगर फिरायला लागला. रबर टेकवलं की काळी भुकटी उडायची आणि जळका वास सगळ्या घरात भरायचा. म्हातारी तिकडून ओरडली, “पातेलं लागलंय!”

“पातेलं नाही, आई. रबर!”

“रबर कुणी चुलीवर ठेवलं?”

ती हसत होती, पण हात हलू देत नव्हती. कडा घासणं सोपं होतं. अवघड होतं खालचं टोक. दस्त्याची खालची रेघ तिरकी मागे जाते. गादीचं टोक त्याच तिरक्या रेघेत पुढे गेलं पाहिजे. नाहीतर दस्ता तिथे मोडल्यासारखा दिसतो. सुतारानं पत्र्याचा एक तुकडा त्या तिरकाव्याला कापून दिला. ती दर दोन घासण्यांनी मशीन बंद करून पत्रा लावून बघायची. रेघेपाशी आली तेव्हा अंधारायला लागलं होतं. केसभर उरवून तिनं हात थांबवला.

“झालं,” सुतार म्हणाला. “उद्या लावून शेवटचा हात. तो मी मारतो.”

“हातानंच मारायचा ना?”

“हो, हातानंच.”

दुसऱ्या दिवशी ती, दस्ता सुटा असल्यानं बंदुकीऐवजी पत्र्याचा डबा बडवत पहाटेची राखण करून, तुडवलेल्या मक्याच्या दोन ओळी सरळ करून घरी आली तेव्हा गादी दस्त्याला लावलेली होती. लाकडावर चिकटपट्टीचे दोन थर गुंडाळलेले होते, घासताना लाकडाला धक्का लागू नये म्हणून. आणि मशीन चालू होतं. कानशीनं हातानं घासायचं तर दोन हात लागतात. मशीनवर दस्ता कमरेला टेकवून एका हातानं फिरवता येतो, असं सुतारानं स्वतःला पटवलं होतं. वरचं अंग झालं होतं, आणि सुरेख झालं होतं. तो दस्ता वळवायला गेला. वळवताना उजवा हात आधाराला आला, खांद्यात कळ गेली आणि हात झटकला. दस्ता पट्ट्यावर टेकला. क्षणभरच. पट्ट्यानं चिकटपट्टी फाडली आणि लाकूड खाल्लं.

तिनं पुढे होऊन मशीन बंद केलं.

गादीच्या अलीकडे, उजव्या अंगाला, अंगठ्याच्या नखाएवढा पांढुरका खळगा पडला होता. लाकडाच्या त्या पसरत गेलेल्या रेषा तिथे तुटल्या होत्या. सुतारानं दस्ता बाकावर ठेवला. आपटला नाही, हळूच ठेवला. चाळीस वर्षांत त्यानं दुसऱ्याचं लाकूड कधी बिघडवलं नव्हतं. आपलं तर नाहीच. तो बाहेर गेला आणि नदीच्या बाजूला चालायला लागला.

“काय झालं?” म्हातारीनं दारातून विचारलं.

“काही नाही. दमलेत.”

“दमायला केलं काय त्यानं?”

“आई,” ती म्हणाली, “आत्ता नका बोलू.”

म्हातारीला ते नीट ऐकू गेलं. ती आत जाऊन बसली.

सुतार नदीकाठी बराच वेळ बसला. खिशातला अक्रोडाचा तुकडा त्याला टोचत होता. त्यानं तो काढून पाण्यात फेकला. तुकडा बुडाला नाही, तरंगत पुढे गेला. त्याला वाटलं, बंदूक नेऊन ठाण्यात द्यावी. भाचा करील राखण. आपण कुणाच्या तरी वखारीत लाकडं मोजायला राहू. मग वाटलं, हे जाऊन तिला सांगायचं कसं? ती नाही म्हणणार नाही. ती विचारील, “कधीपासून जायचं?” आणि डबा भरून देईल. तेच त्याला नको होतं.

दुपार कलल्यावर तो परत आला. ती कारखान्यात जमिनीवर मांडी घालून बसली होती, दस्ता मांडीवर आडवा. लाकडाच्या पट्टीला घासकागद गुंडाळून ती गादीच्या कडेवरून हात मारत होती. काळ्या भुकटीनं तिचं नाकही काळं झालं होतं. तिनं मान वर केली नाही.

त्यानं दस्ता मागितला. डोळे मिटले आणि अंगठा लाकडावरून गादीकडे नेला. जोड लागला नाही. खालचं टोक, वरची टाच, दोन्ही अंगं. टाचेची कड तिनं गोल केली होती, कपड्यात अडकू नये म्हणून. हे त्यानं सांगितलं नव्हतं. मग अंगठा खळग्यापाशी आला. खळगा होताच. तो भरणं शक्य नव्हतं. पण काचेच्या तुकड्यानं खरवडून तिनं त्याच्या कडा इतक्या मऊ केल्या होत्या, की बोट घसरून आत जायचं आणि घसरून बाहेर यायचं. वरून तेल पाजलं होतं. रंग मिळून आला होता.

त्यानं दस्ता उजेडाकडे फिरवला. मग डाव्या अंगाच्या एका जागेवर नख टेकवून म्हणाला, “इथं अजून दोन हात मार. बारीक कागदानं.”

“दोनच?”

“दोनच. जास्त नको.”

तिनं दोन हात मारले.

हवालदार आला तो उन्हं चांगली वर आल्यावर. पट्ट्याच्या कडेला पडीक जागेत डबे मांडले होते. तेराही घरची माणसं आली होती. माळावरचा भाच्याला घेऊन आला होता. हवालदार उंच, आडवा, सदऱ्याच्या गुंड्या ताणलेल्या. त्यानं परवाना वाचला, अर्ज वाचला, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “बाई, घाबरायचं नाही.”

“कुणाला?” तिनं विचारलं. तिनं खरंच विचारलं होतं.

तिनं बंदूक मध्ये दुमडून नळ्या रिकाम्या असल्याचं दाखवलं, काडतुसं घातली आणि नळ्यांची तोंडं जमिनीकडे ठेवून उभी राहिली. हवालदारानं मान हलवली तशी बंदूक वर आली. कुठेही न अडकता, एका हालचालीत, जणू खिशातून हात बाहेर काढावा तशी. बार झाला. डब्यांच्या वरून छर्रे गेले, मागच्या मातीत धूळ उडाली.

माणसांत कुजबुज झाली. सुतार मागे उभा होता. तिचा गाल लाकडावरून उचलला गेलेला त्यानं पाहिला होता. धक्क्याच्या भीतीनं, दहा दिवसांच्या सवयीनं. त्याच्या तोंडावर आलं होतं, ‘गाल टेकव.’ त्यानं ओठ घट्ट मिटले. करवतीच्या वेळी ती काय म्हणाली होती ते त्याला आठवलं.

तिनं बंदूक खाली केली. मग खांदा हलवून पाहिला. दुखलं नव्हतं. ते तिला त्या क्षणी कळलं असावं, कारण तिचे खांदे खाली आले. तिनं बंदूक पुन्हा उचलली, गाल लाकडावर टेकवला आणि दुसरा बार काढला. मधला डबा उडून दोन वेळा गिरक्या घेत बांधापलीकडे पडला.

“हं,” हवालदार म्हणाला. “बंदूक तर चांगली आहे. बघू जरा.”

तिनं ती रिकामी करून दिली. त्यानं एक काडतूस घातलं, बंदूक उचलली. त्याच्या अंगाला ती खेळण्यासारखी दिसत होती. कोपर दुमडून, मान आखडून त्यानं नेम धरला.

“साहेब,” ती म्हणाली, “तुम्हाला आखूड होईल.”

“मी वीस वर्षं बंदूक चालवतोय, बाई,” असं म्हणून त्यानं चाप ओढला. धक्क्यानं त्याचा स्वतःचाच अंगठा नाकावर आदळला. डोळ्यांतून पाणी आलं. डबा जागचा हलला नाही.  मग म्हातारी, जिला ऐकू येत नव्हतं पण सगळं दिसलं होतं, ती मोठ्यांदा म्हणाली, “दुसऱ्याच्या चपला घातल्या की असंच होतं!” आणि हवालदारच आधी हसला. नाक धरून हसला. मग सगळे हसले.

त्यानं अर्ज सुताराच्या पाठीवर ठेवून सही केली.

माळावरच्यानं भाच्याला घरी पाठवून दिलं. स्वतः मात्र रेंगाळला. सुताराकडे न बघता, तिच्याकडे बघून म्हणाला, “उद्यापासून माझ्या वरच्या बांधाकडून सुरुवात करता का? तिथून शिरतायत ती.”

“तिथून नाही शिरत,” ती म्हणाली. “ओढ्यातून येतात. तुमच्या बांधावर नुसत्या परतीच्या खुणा आहेत.”

“असं?” माळावरचा म्हणाला. जरा वेळानं पुन्हा म्हणाला, “असं होय.”

मका पिवळा पडला, कणसं वाळली, मळणी सुरू झाली. वरच्या दहा घरांचं आटोपलं होतं. ओढ्याकडच्या तीन घरांचा मका अजून उभा होता, त्यामुळे राखण चालूच होती. सुतारानं कारखान्याचं दार परत उघडलं होतं. मोठी कामं नाहीत, पण कुऱ्हाडीचे दांडे, खुर्चीचे पाय अशी. दुपारनंतर बायको यायची, तो रेघ मारून द्यायचा, ती करवत धरायची. दोघांची भांडणं पंपघरापर्यंत ऐकू जायची.

एका सकाळी दारात ट्रॉली थांबली. माळावरच्याचा भाचा पोती घेऊन आला होता. त्यानं पहिलं पोतं पायरीवर टाकलं, घाम पुसला आणि घरात ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, “राखणदाराचा वाटा आणलाय! कुठंय राखणदार?”

सुतार चहाचं भांडं उतरवून बाहेर आला. त्यानं आपल्यामागे दार हळूच ओढून घेतलं.

“झोपल्यात,” तो म्हणाला. “पहाटेपासून ओढ्यात उभ्या होत्या. हळू बोल जरा.”